सायनोटाइपसाठी काचेची कांडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

सायनोटाइप म्हणजे कागदाला लोहक्षारांचं द्रावण लावून उन्हात निळं चित्र उमटवायची छायाचित्रणाची जुनी पद्धत. गेल्या डिसेंबरात कोटिंगसाठी, म्हणजे ते द्रावण कागदावर पसरवायला, आठ इंची काचेची कांडी घेतली, वर मूठ असलेली. त्याआधी दोन वर्षं ब्रशच वापरत होते. द्रावणाची कृती जुनीच: १०० मिलि पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलित १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, दोन्ही समप्रमाणात.

पहिला फायदा म्हणजे द्रावण वाचतं. आठ बाय दहाच्या प्रिंटला ब्रशने मला तीन मिलि लागायचं, बरंचसं केसांतच मुरायचं. कांडीने पावणेदोन मिलित भागतं.

सिरिंजने द्रावणाची सरळ रेघ ओढायची, कांडी तिला टेकवून जरा डावी-उजवी हलवायची. काचेखाली पिवळट-हिरवी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली, की मगच ओढायला लागायचं. दाबायचं अजिबात नाही. शेवटाला पोचलं की कांडी उचलून ओळीच्या पलीकडे ठेवायची आणि परत फिरायचं. असे चार-पाच हात. मध्ये थांबलात तर आडवा पट्टा पडतो, आणि तो ओल्या कागदावर कळतही नाही. उन्हातून आणून धुतल्यावर निळ्यात उमटतो. माझे पहिले दहाएक प्रिंट असेच गेले. टेबलाला आधी पाणसळ लावून बघा, आणि कडेला साचलेलं द्रावण टिश्यूने टिपा.

खरा त्रास हवेचा. पुण्यात मार्च-एप्रिलात कागद इतका कोरडा असतो, की द्रावण पडताक्षणी पितो आणि कांडी अर्ध्यातच अडखळते. आता मी कोटिंगच्या आधी कागद ओल्या फडक्याशेजारी बंद डब्यात अर्धा तास ठेवते. एवढ्यानेच लेप एकसारखा बसायला लागला. जुलैत उलटं: लेप सुरेख बसतो, पण वाळता वाळत नाही. ओलसर राहिला तर अंधारातही निळसर पडू लागतो आणि प्रिंटमधले पांढरे भाग मळतात. तेव्हा हेअर ड्रायर, थंड हवेवर.

खडबडीत हातकागदाला मात्र कांडी नको. काच उंचवट्यांवरून घसरते आणि खळग्यांत पांढरे ठिपके राहतात. तिथे हाके ब्रशच, बकरीच्या केसांचा, दोऱ्याने शिवलेला. पत्र्याची पट्टी असलेला साधा ब्रश घेऊ नका. द्रावण धातूला लागलं की निळे डाग पडतात.

मे महिन्यात कांडी बेसिनमध्ये आपटून एका टोकाचा टवका उडाला. तेव्हापासून त्या बाजूला प्रत्येक प्रिंटवर बारीक रेघ येते, म्हणून ते टोक चित्राच्या बाहेर ठेवावं लागतं. पुढची घेईन ती दहा इंची.