अँटेनावालं एनआरएफ२४ मॉड्यूल: दिवाळीपासून रोबोवर वापरल्यानंतर

एनआरएफ२४एल०१+ या २.४ गिगाहर्ट्झच्या बिनतारी रेडिओ चिपचं लांब अँटेनावालं, म्हणजे पीए-एलएनए (पाठवताना ताकद वाढवणारा पीए आणि ऐकताना क्षीण सिग्नल मोठा करणारा एलएनए असलेलं) मॉड्यूल दिवाळीपासून माझ्या चारचाकी रोबोवर आहे. दुसरं तसंच रिमोटमध्ये. रोबोवर चार पिवळ्या बीओ मोटर (गिअरवाल्या स्वस्त डीसी मोटर), त्या चालवणारा एल२९८एन ड्रायव्हर, अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, १८६५० चे दोन लिथियम सेल, व्होल्टेज उतरवणारा एक बक कन्व्हर्टर आणि नंतर चढवलेला ईएसपी३२-कॅम हा वायफाय कॅमेरा. रेडिओ म्हणून वस्तू उत्तम आहे, पण या सगळ्या गर्दीत तिला नीट चालवणं हे निराळंच काम आहे. ‘मोटर फिरली की रिमोट तुटतो’ म्हणून मॉड्यूलमागून मॉड्यूल विकत घेणाऱ्यांनी जरा थांबावं. बहुतेक वेळा दोष मॉड्यूलचा नसतो.

पहिला संशय हवेवर नाही, वीजपुरवठ्यावर घ्या. हे मॉड्यूल प्रसारण करताना शंभर मिलिअँपिअरच्या वर प्रवाह ओढतं, आणि नॅनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनकडून पन्नासच्या वर अपेक्षा ठेवू नये. ‘रोबो तर फक्त ऐकतोय’ असं वाटतं, पण ऑटो-अ‍ॅक चालू असेल तर प्रत्येक पॅकेटची पोच तो परत पाठवतो, म्हणजे दर वेळी प्रसारण आलंच. ५ व्होल्टचे ३.३ करणारा एएमएस१११७ रेग्युलेटर फक्त रेडिओसाठी वेगळा ठेवला आणि मॉड्यूलच्या पायांवरच १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक व १०४ चा (म्हणजे ०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कॅपॅसिटर लावला, की निम्मी भुतं तिथेच पळतात. कॅपॅसिटर ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही.

त्यानंतर अंदाजानं उपाय करू नका, मोजा. अर्डुइनोवरून हा रेडिओ चालवणाऱ्या आरएफ२४ लायब्ररीत गेटएआरसी नावाचं फंक्शन आहे. पॅकेट पोचायला किती वेळा पुन्हा पाठवावं लागलं, हे ते सांगतं, कमाल १५. रिमोट लॅपटॉपला जोडून हा आकडा सीरियल मॉनिटरवर सोडा, रोबो ठोकळ्यावर ठेवून चाकं अधांतरी करा, आणि एकेक भाग चालू करत जा. मोटर बंद असताना शून्य-एक आणि चालू करताच आठ-दहा, म्हणजे चोर घरातच आहे. आता मोटरचा पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून वेग ठरवणारा ० ते २५५ चा आकडा) २५५ वर न्या. पूर्ण ड्यूटीवर ड्रायव्हरचं स्विचिंग थांबतं, त्यामुळे जो त्रास उरेल तो मोटरच्या आतल्या ब्रशच्या ठिणग्यांचा. १२८ वर आणल्यावर आकडा पुन्हा चढला तर स्विचिंगचाही हात आहे. ही एक चाचणी सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त कामाची ठरली.

ब्रशवर औषध जुनंच: मोटरच्या दोन टोकांमध्ये एक १०४, आणि प्रत्येक टोकापासून पत्र्याच्या कवचाला एकेक. पहिला सोपा. कवचाचे दोन मात्र घाम काढतात. पत्रा कानशीनं खरवडल्याशिवाय आणि चांगल्या तापलेल्या आयर्नशिवाय सोल्डर धरत नाही, आणि जास्त वेळ टेकवलं तर आतलं प्लास्टिक वितळतं. चारही मोटरच्या वायरी पीळ देऊन जोडीनं न्या, आणि रेडिओच्या वायरींपासून दूर ठेवा.

जुना खिशातला ट्रान्झिस्टर रेडिओ घरात पडला असेल तर तो बाहेर काढा. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावून रोबोभोवती फिरवा, मोटर आणि ड्रायव्हरजवळ गुरगुर ऐकू येते. एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर १५० किलोहर्ट्झला चालतो, त्यामुळे त्याचे पाझर त्याच्या पटीत, म्हणजे ६००, ७५०, ९०० किलोहर्ट्झच्या आसपास सापडतात. अर्थात हा गोंगाट उडी मारून २.४ गिगाहर्ट्झवर जाऊन बसत नाही. तो तारांतून पुरवठ्यात शिरतो, आणि नॅनो ते मॉड्यूल अशा लांब जंपर वायरीत. म्हणून वायरी बोटभर ठेवा. लायब्ररी एसपीआयला (नॅनो आणि मॉड्यूलमधल्या संवादाला) १० मेगाहर्ट्झ मागते, नॅनोवर तो ८ पर्यंतच जातो; तो वेग १ मेगाहर्ट्झवर आणला तरी रिमोटच्या कामात काही फरक पडत नाही.

हे सगळं झाल्यावर हवेकडे बघायचं. माझ्याकडे हवेतला खरा गोंधळ कॅमेऱ्यानं घातला. ईएसपी३२-कॅम व्हिडिओ पाठवत असतो वायफायवर, म्हणजे त्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये, आणि तोही रेडिओच्या अँटेनापासून चार बोटांवर. एनआरएफचे चॅनल सोपे आहेत: २४०० मध्ये चॅनलचा आकडा मिळवला की मेगाहर्ट्झ. वायफायचा १ नंबर २४१२ वर, ६ नंबर २४३७ वर, ११ नंबर २४६२ वर, आणि प्रत्येक जण दोन्ही बाजूंना दहा-अकरा मेगाहर्ट्झ पसरतो. कॅमेरा १ नंबरवर आणि रेडिओ ७८ वर नेला, दोघांचे अँटेना रोबोच्या दोन टोकांना केले, एवढ्यानं भागलं. ८० टाळला, कारण २४८० वर ब्लूटूथ लो एनर्जीचा जाहिरातीचा चॅनल असतो आणि सोसायटीत घड्याळं, इअरफोन यांचा सुकाळ. बरेच व्हिडिओ बिनधास्त १०८ वापरायला सांगतात. तिथे वायफाय नसतो हे खरं, पण भारतात विनापरवाना पट्टा २४८३.५ मेगाहर्ट्झला संपतो आणि २५०० च्या वर मोबाइल कंपन्यांचा ४जी आहे. तो सल्ला घेऊ नका.

डेटा रेट २५० केबीपीएस ठेवा. २ एमबीपीएसला या चिपची संवेदनक्षमता -८२ डीबीएम, २५० ला -९४; आकडा जितका खाली, तितका क्षीण सिग्नल ती ऐकते. जॉयस्टिकच्या चार आकड्यांना वेग हवाय कुठे? यात एक परीक्षाही होते: २५० चा रेट फक्त ‘प्लस’ चिपमध्ये आहे, त्यामुळे सेट करताना नकार आला तर जुनी चिप गळ्यात पडली असं समजा. बाजारात नकली चिपही भरपूर आहेत आणि काही नकली चिप अस्सलशी ऑटो-अ‍ॅक नीट जमवत नाहीत. दोन्ही मॉड्यूल एकाच ठिकाणाहून, एकाच लॉटमधली घ्यावीत. पत्र्याचं झाकण असलेली मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

टेबलावर वीतभर अंतरावर चाचणी करणाऱ्यांसाठी: पॉवर किमान पातळीवर ठेवा. पूर्ण ताकदीवर समोरच्याचे कान बधिर होतात आणि पॅकेट गळतात, मग माणूस नसलेला बिघाड शोधत बसतो.

घ्यावं का? मैदानावर लांब जायचं असेल तर जरूर. घरात-अंगणात फिरणाऱ्या रोबोला सर्किट बोर्डवरच छापलेल्या नागमोडी अँटेनाचं लहान मॉड्यूल पुरतं. ते प्रवाह कमी खातं, त्यामुळे वरच्या अर्ध्या कटकटी उद्भवतच नाहीत. माझ्या रोबोवर आता तेच बसवणार आहे. रिमोटमध्ये मात्र मोठं राहील. लहानाची पोच क्षीण असली तरी मोठ्याचा एलएनए ती उचलतो, आणि रिमोटमध्ये ना मोटर ना कॅमेरा.