लष्करी महाविद्यालयाच्या वर्धापनाचं चांदीचं नाणं: वेस्ट पॉइंट, किंग्स्टन की आपल्या टांकसाळीचं?

घरातलं कुणी एनडीएला लागतं, कुणी फौजेतून निवृत्त होतं, आणि भेट म्हणून लष्करी शिक्षणाशी नातं सांगणारं चांदीचं नाणं शोधलं जातं. मुंबईत अशा नाण्याची चौकशी केली की बहुतेक वेळा तीन नावं पुढे येतात. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीच्या द्विशताब्दीचा २००२ चा चांदीचा डॉलर, कॅनडात किंग्स्टन इथल्या रॉयल मिलिटरी कॉलेजला १२५ वर्षं झाली तेव्हाचं २००१ चं पाच सेंटचं नाणं, आणि एनसीसीच्या पंचाहत्तरीनिमित्त २०२३ मध्ये आपल्याकडे निघालेलं ७५ रुपयांचं नाणं. एनसीसी म्हणजे महाविद्यालय नव्हे, हे खरं. पण भेट ज्या घरी जाणार आहे तिथे कुणीतरी एनसीसीचा गणवेश घातलेला असण्याची शक्यता दांडगी, म्हणून त्यालाही या तुलनेत घेतलं आहे.

आधी चांदीचा हिशोब. नाण्याचं वजन आणि त्यातली निव्वळ चांदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेस्ट पॉइंटचा डॉलर २६.७३ ग्रॅमचा, ९० टंच, उरलेलं तांबं. म्हणजे निव्वळ चांदी २४ ग्रॅमच्या किंचित वर. कॅनडाचं नाणं ५.३५ ग्रॅमचं, ९२.५ टंच, म्हणून चांदी जेमतेम ४.९५ ग्रॅम. आपलं नाणं हातात सगळ्यात भारदस्त लागतं, ३५ ग्रॅम आणि ४४ मिलिमीटर व्यासाचं. पण त्या मिश्रणात चांदी निम्मीच असते. ४० टक्के तांबं, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. निव्वळ चांदी भरते १७.५ ग्रॅम. चांदीचा भाव किलोला एक लाख धरला तर धातूची किंमत अनुक्रमे साधारण २,४०६, ४९५ आणि १,७५० रुपये येते. त्या दिवशीच्या भावाप्रमाणे आकडे बदलून घ्या, प्रमाण तेच राहील. विक्रेता सांगतो त्या किमतीतून हा आकडा वजा केला की नाण्याच्या नावासाठी आणि डबीसाठी किती मोजताय ते कळतं.

चांदी म्हणूनच साठवायची असेल तर यातलं एकही घेऊ नका. झवेरी बाजारातून ९९९ शुद्धतेचं साधं नाणं किंवा वळं घ्या, ते मोडताना कमी घट लागते. ५० टंचाच्या नाण्याला सराफ मोडीचा भावही नाखुशीने देतो. शिवाय भारत सरकारचं नाणं वितळवायला नाणी कायदा २०११ नुसार मनाईच आहे. त्यामुळे आपल्या नाण्याला गिऱ्हाईक मिळेल ते संग्राहकातच.

वेस्ट पॉइंट: यात दोन प्रकार आहेत

ही अकादमी १६ मार्च १८०२ ला स्थापन झाली आणि बरोबर दोनशे वर्षांनी, १६ मार्च २००२ ला, हा डॉलर बाहेर आला. दर्शनी बाजूला संचलन करणारे छात्र आहेत आणि त्यांच्यामागे वॉशिंग्टन हॉल व कॅडेट चॅपल. हे काम जेम्स फेरेल यांचं. पाठीवर जॉन मर्कांटी यांनी घडवलेलं द्विशताब्दीचं चिन्ह आहे, ग्रीक शिरस्त्राण आणि तलवार. नाणं पाडलं तेही वेस्ट पॉइंटच्याच टांकसाळीत, म्हणून त्यावर ‘डब्ल्यू’ ही खूण असते.

याच ‘डब्ल्यू’मुळे फसगत होते. अमेरिकन सिल्व्हर ईगल नावाच्या एक औंसाच्या नाण्याचे काही प्रकार याच टांकसाळीत पडतात. मग विक्रेते तेही ‘वेस्ट पॉइंट सिल्व्हर कॉइन’ म्हणून पुढे करतात. नाणं म्हणून ईगलमध्ये काही खोट नाही, पण त्याचा अकादमीशी संबंध नाही. ओळख सोपी आहे: ईगल ३१.१ ग्रॅम आणि ४०.६ मिलिमीटर, आपल्याला हवा तो डॉलर २६.७३ ग्रॅम आणि ३८.१ मिलिमीटर. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा फोटो मागवा. द्यायला कुणी टाळाटाळ केली तर पुढे जाऊ नका.

प्रूफ प्रकाराची, म्हणजे खास चकाकीने पाडलेली, २,८८,२९३ नाणी विकली गेली आणि अनसर्क्युलेटेडची, म्हणजे चलनात न फिरलेल्या साध्या झळाळीच्या प्रकाराची, फक्त १,०३,२०१. प्रूफची पार्श्वभूमी आरशासारखी आणि आकृत्या दुधाळ असतात, त्यामुळे पाहताक्षणी तेच आवडतं. तरी मुंबईतल्या घरासाठी आमचं मत अनसर्क्युलेटेडच्या बाजूने आहे. संख्या कमी आहे हे एक कारण. दुसरं कारण इथली हवा. आरशासारख्या पृष्ठभागावर दमटपणाचा किंचित धुरकट थर, बोटाचा ठसा, एखादा तपकिरी ठिपका लगेच दिसतो आणि तो घालवण्याच्या नादात नाणं बिघडतं. अनसर्क्युलेटेडच्या साटीन झळाळीत या गोष्टी बऱ्याच सामावून जातात.

किंग्स्टनचं छोटं नाणं

ऑन्टारिओतल्या किंग्स्टनचं हे महाविद्यालय १८७६ चं. नाणं फक्त २१.२ मिलिमीटरचं, आपल्या रुपयाच्या नाण्याएवढं. भिंतीवर फ्रेममध्ये लावायचं असेल तर ते हरवल्यासारखं दिसतं. मात्र लष्करी महाविद्यालयांच्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्याला ते हवंच. कमी पैशात खरंखुरं महाविद्यालयाचं नाणं मिळतं, हा त्याचा मोठा गुण. इथे जपायचं ते एकच: त्याच वर्षाची चलनातली साधी पाच सेंटची नाणीही भरपूर आहेत. २००१ चं ‘पी’ खुणेचं साधं नाणं पोलादी गाभ्याचं, ३.९५ ग्रॅमचं आहे, चुंबकाला लगेच चिकटतं. चांदीचं नाणं ५.३५ ग्रॅम भरतं आणि चिकटत नाही.

आपल्या टांकसाळीचं

हे मिळवणं सर्वांत सोपं. सरकारी टांकसाळीच्या विक्री संकेतस्थळावर ठरावीक मुदतीत नोंदणी होते आणि नाणं टपालाने घरी येतं. मुदत संपली असेल तर संग्राहकांच्या बाजारातून घ्यावं लागतं आणि तिथे मूळ किमतीची अपेक्षा धरू नये. वर्षाखालची टांकसाळीची खूण पाहा: मुंबईची हिऱ्याच्या आकाराची (प्रूफवर ‘एम’ अक्षर), हैदराबादची चांदणी, नोएडाचा टिंब. कोलकात्याला खूणच नसते. मूळ डबी आणि माहितीपत्रक नसेल तर किंमत पाडून मागा, पुढे विकताना तुमच्याकडूनही तीच मागणी होणार आहे.

संस्थांच्या दुकानातून किंवा समारंभात मिळणारी ‘ज्युबिली नाणी’ यात मोजू नका. ती बहुधा पितळेवर चांदीचा मुलामा दिलेली पदकं असतात. ‘जर्मन सिल्व्हर’ लिहिलं असेल तर चांदीचा कणही नाही. ते तांबं, निकेल आणि जस्त.

डॉलर तपासायची पाण्याची कसोटी

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. त्यावर अर्धी भरलेली प्लॅस्टिकची वाटी ठेवून आकडा शून्य करा. पाणी डिस्टिल्ड हवं. नाणं शिवणाच्या दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. अस्सल नाण्याला काटा २.५८ ते २.६० ग्रॅम दाखवेल. तेवढ्याच वजनाचं नाणं तांबं-निकेलचं असेल तर ३.०० च्या आसपास, पितळेचं असेल तर ३.१० च्या पुढे जाईल. आकडा थोडा जास्त आला तर आधी कडेला चिकटलेले बुडबुडे झटका, खोटं म्हणायची घाई नको. ही कसोटी कॅप्सूलमधून (प्लॅस्टिकच्या पारदर्शक डबीतून) काढलेल्या अनसर्क्युलेटेड नाण्यापुरतीच. प्रूफला पाणी लावायचंच नाही, तिथे वजन आणि व्यासावर भागवा. कॅनडाच्या नाण्याला अपेक्षित आकडा ०.५२ इतकाच येतो, दोन-तीन बुडबुड्यांनीही निकाल फिरतो. त्याच्यासाठी वजन आणि चुंबक पुरे.

घरी आणल्यावर

इथे सगळ्यात जास्त नाणी खराब होतात. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. खाडीलगतच्या घरांत येणारा कुजका वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड, साधा पुठ्ठा यांतूनही गंधक सुटतं. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवलं तर काही पावसाळ्यांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. तसं झालं तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काचेच्या बशीत, खिडकी उघडी ठेवून, आगीपासून लांब बुडवा. चोळू नका आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. नाण्याच्या नेमक्या मापाची ॲक्रिलिक कॅप्सूल घ्या: ३८ मिलिमीटरचं नाणं ४४ च्या कॅप्सूलमध्ये खुळखुळतं आणि कड घासते. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की बदला. नाणं कडेनेच धरा.

आणि दिवाळीत देवाची उपकरणी घासताना हे नाणं बाजूला ठेवा, घरात आधीच सगळ्यांना सांगून. रांगोळी, टूथपेस्ट, चिंच यांतलं काहीही एकदा फिरलं की प्रूफचा आरसा कायमचा जातो, आणि संग्राहक ते फक्त चांदीच्या भावाने घेतो.

निवड करायचीच झाली तर: छात्राला भेट आणि बजेट मध्यम असेल तर वेस्ट पॉइंटचा अनसर्क्युलेटेड डॉलर, तोही आधीच भारतात असलेला, परदेशातून मागवल्यास कस्टम आणि कुरिअरचा खर्च नाण्याच्या किमतीशी स्पर्धा करतो. घरात एनसीसीची आठवण असेल तर मूळ डबीतलं ७५ रुपयांचं. किंग्स्टनचं नाणं संग्राहकाने स्वतःसाठी घ्यावं.