न्हावाशेवाचा लोकल सीएचए : नऊ महिन्यांनंतर

आमचं कांद्याचं खळं निफाड तालुक्यात. आधी माल मुंबईच्या निर्यातदाराला द्यायचो. कागदांशी संबंध काटापावतीपुरता. १३ सप्टेंबर २०२४ ला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत उठली, शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं, तेव्हा म्हटलं आता स्वतःच्या आयईसीवर (आयात-निर्यात कोडवर) कंटेनर काढू. त्या महिन्यापासून मे २०२५ पर्यंत न्हावाशेवा बंदरातल्या एकाच सीएचएकडे, म्हणजे कस्टममधून माल काढून देणाऱ्या एजंटकडे, काम दिलं. कायद्यात २०१३ पासून 'कस्टम ब्रोकर' म्हणतात, पण बंदराजवळच्या करळ फाट्यावर तो शब्द वापरलात तर समोरचा तुम्हाला नवखा समजतो.

मोठ्या कंपनीचा दर याच्यापेक्षा थोडा कमीच होता. तरी पाच माणसांचं हे ऑफिस निवडलं, कारण दर सांगण्याआधी त्यानं आयईसी, जीएसटी, पत्त्याचा पुरावा मागितला. केवायसी त्याच्यावर बंधनकारक असते. न मागणाऱ्यापासून लांब राहा. मीही लायसन विचारलं आणि कस्टममध्ये जाणाऱ्या पोराचं जी-कार्ड (तिथं काम करायचं ओळखपत्र) बघितलं. तो हसला, पण दाखवलं.

पहिल्याच कंटेनरला त्याची किंमत कळली. इनव्हॉइसवर २५ किलोच्या १,१६० गोण्या, फायटो सर्टिफिकेटवर (मालाला कीड-रोग नाही याच्या सरकारी दाखल्यावर) १,१५०. टायपिंग आमच्याच पोराचं. रात्री अकराला फोन आला, "शेठ, शिपिंग बिल टाकत नाही, आधी हे जुळवा." तसंच शिपिंग बिल, म्हणजे कस्टमकडचा निर्यातीचा अर्ज, भरलं असतं तर दुरुस्ती होईपर्यंत गेट-कटऑफ (बंदरात कंटेनर आत घ्यायची शेवटची वेळ) हुकला असता आणि प्लगवर उभ्या रीफरचं (थंड कंटेनरचं) भाडं आमच्या अंगावर आलं असतं.

खरा हिशोब मार्चमध्ये झाला. १ एप्रिलपासून शुल्क रद्द होणार हे २२ मार्चला जाहीर झालं. माझा दुबईचा कंटेनर २७ ला भरायचा होता. मी खुशीत होतो : बोट एप्रिलमध्ये सुटणार, म्हणजे शुल्क लागणार नाही. तो म्हणाला, "बोट कधी सुटते ते कोण बघतंय? एलईओ कधी पडला ते बघतात." म्हणजे माल चढवायला कस्टम अधिकारी ज्या दिवशी परवानगी देतो, त्या दिवशीचा दर. कलम १६ त्यानं मोबाइलवर उघडून दाखवलं. एफओबी किंमत (बोटीवर माल चढेपर्यंतची) साडेसात लाखांच्या घरात, म्हणजे शुल्क दीड लाख! खरेदीदाराला मनवलं, बुकिंग पुढच्या बोटीवर टाकलं, माल खळ्यावरच ठेवला. आठ दिवसांत वजनाला घट आली, निवडायची मजुरी वाढली, पण दीड लाखापुढे ते काहीच नव्हतं. या सल्ल्याचा त्यानं वेगळा पैसा लावला नाही.

आता दुसरी बाजू. डिसेंबरात बांगलादेशची ऑर्डर आली, दोन गाड्या लाल कांदा, पश्चिम बंगालच्या हद्दीवरच्या पेट्रापोलमार्गे. "आपला माणूस आहे तिकडे," असं तो म्हणाला. तो माणूस म्हणजे बनगावचा कुणी एजंट. याची-त्याची ओळख फक्त व्हॉट्सॲपवरची. गाड्या गुरुवारी संध्याकाळी पोचल्या. शुक्रवारी पलीकडे बेनापोलला साप्ताहिक सुट्टी, हे आम्हाला मालेगावच्या ड्रायव्हरनं पार्किंगमधून फोन करून सांगितलं! शनिवारी कळलं की एक कागद अजून चढवलेलाच नाही. लाल कांदा म्हणजे काही उन्हाळ कांदा नव्हे, चाळीत महिनोन्‌महिने टिकायला. सहाव्या दिवशी गाड्या रिकाम्या झाल्या तेव्हा खालच्या थरातल्या गोण्यांना पाणी सुटलं होतं आणि खरेदीदारानं पैसे कापले. आमच्या सीएचएनं त्या कामाची एजन्सी फी सोडली, नुकसान मात्र आमचं. बंदर जाणणारा माणूस जमिनीवरची हद्द जाणतोच असं नाही. पुढच्या गाड्यांना मी बनगावचा एजंट स्वतः शोधला, बेनापोलच्या सीअँडएफवाल्याचा (तिकडच्या कस्टम एजंटचा) नंबर खरेदीदाराकडून घेतला, दोघांना एका ग्रुपवर आणलं आणि गाडी शनिवारी पोचेल अशी काढायला लागलो.

बिलाचंही बोलायला हवं. एजन्सी चार्जेस ठरल्याप्रमाणे. टर्मिनलचे, शिपिंग लाइनचे पैसे पावतीसह. त्याखाली 'इतर खर्च' अशी एक ओळ, कधी बाराशे, कधी अडीच हजार, पावती नाही. विचारलं की "शेठ, पोर्टाचं काम आहे" एवढंच उत्तर. सहाव्या कंटेनरला मी ती ओळ वगळून पैसे पाठवले. चार दिवस फोन जरा तुटक होता. मग ठरलं : पावती असेल ते द्यायचं, नसेल ते आधी विचारून. तेव्हापासून 'इतर खर्च' दिसत नाही. 'किरकोळ' दिसतं, साडेतीनशेच्या आसपास.

या हंगामालाही न्हावाशेवाचं काम त्याच्याकडेच आहे. पेट्रापोलचं नाही.