ध्वनिमुद्रणं डेटाबेसमध्ये ठेवावीत, की फाइल म्हणून बाहेर?

शास्त्रीय गाण्याच्या जुन्या बैठकींच्या कॅसेट संगणकावर उतरवल्या की पुढचा निर्णय येतो: आवाज डेटाबेसच्या टेबलातच भरायचा, की फाइल डिस्कवर ठेवून टेबलात फक्त तिचा पत्ता लिहायचा? बैठकींसाठी माझं मत स्पष्ट आहे: फाइल बाहेरच ठेवा.

आधी आकार पाहा. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ अशी तासाभराची वेव्ह फाइल २ जीबीच्या पुढे जाते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये असा कच्चा डेटा ठेवणाऱ्या बाइटए कॉलमची मर्यादा १ जीबी. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचा तसाच लाँगब्लॉब कॉलम ४ जीबीचा म्हणवतो, पण एका पॅकेटमध्ये, म्हणजे एका खेपेत, १ जीबीहून जास्त जात नाही. पोस्टग्रेसच्या लार्ज ऑब्जेक्ट या मोठ्या डेटासाठीच्या सोयीत एवढी फाइल मावते, पण डेटाबेसचा बॅकअप फुगतो तो फुगतोच. फाइल बाहेर असली की श्रोत्याला थेट चाळिसाव्या मिनिटावर जाता येतं. वेब सर्व्हर तेवढाच तुकडा पाठवतो.

डेटाबेसची खरी ताकद म्हणजे नोंद आणि आवाज एकत्र राहतात. बाहेरच्या फाइली कुणी हलवल्या की पत्ते खोटे ठरतात. म्हणून फाइलचं नाव तिच्या एसएचए-२५६ बेरजेवरून (फाइलमधल्या डेटावरून काढलेल्या तिच्या खास खुणेवरून) द्या, आधी फाइल लिहा, मग नोंद करा. मधेच काही बिघडलं तर एखादी फाइल बेवारस उरेल, पण नोंद पोकळ राहणार नाही.

लहान आवाजांचं गणित वेगळं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या २००६च्या अभ्यासात २५६ केबीखालच्या वस्तूंना डेटाबेस सरस ठरला, १ एमबीवरच्यांना फाइल. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये २५६ केबी म्हणजे जेमतेम सोळा सेकंद. शब्दोच्चारांचं मोबाइल अॅप करत असाल तर सगळं खुशाल एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा.

शोधाकडे मात्र बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. राग, ताल, कलाकार, साल यांना स्वतंत्र कॉलम हवेतच. त्याशिवाय तुकड्यांचं वेगळं टेबल करा: कोणती फाइल, कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंत, विलंबित की द्रुत, बंदिशीचे बोल काय. ध्वनिठशावरून, म्हणजे बोटाच्या ठशासारख्या आवाजाच्या खुणेवरून, शोधणारी साधनं तेच मुद्रण दुसऱ्या कॅसेटवर असेल तर ओळखतात. तीच बंदिश दुसऱ्या दिवशी गायलेली असेल तर त्यांना ती सापडत नाही. ती सापडते कुणीतरी ऐकून लिहिलेल्या बोलांवरूनच.