टार्गेट वजन ठरवताना: लग्नातलं, तक्त्यातलं, बीएमआयचं की कंबरेच्या टेपचं?

"ताई, मी नक्की किती किलोवर थांबायचं?" ठाण्याच्या तलावपाळीच्या सकाळच्या फेरीत माझ्या मावसबहिणीने विचारलं. तिने मनाशी ५० हा आकडा धरला होता. का ५०, तर गोल आकडा आहे आणि कॉलेजात तेवढं होतं म्हणून. मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही, कारण दीड वर्षापूर्वी मीही याच प्रश्नापाशी अडले होते आणि ज्याला विचारावं तो वेगळा आकडा सांगत होता.

उदाहरण म्हणून माझंच माप घेते. वय ४९, उंची १५८ सेंटिमीटर, तेव्हाचं वजन ७४ किलो, कंबर ९४ सेंटिमीटर. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ६.२, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. आता आकडे बघा. लग्नातलं वजन ५१. एका जुन्या सूत्राने ५०. उंचीतून शंभर वजा केले तर ५८. भारतीयांसाठीच्या बीएमआयप्रमाणे (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) जास्तीत जास्त ५७, जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वसाधारण मर्यादेने ६२. डॉक्टरांनी सांगितलं, आधी ६९ ला या. बाई एकच, आणि सगळ्यात वरच्या नि सगळ्यात खालच्या आकड्यात १९ किलोंचं अंतर. यातला कोणता धरायचा, यावर पुढची दोन वर्षं कशी जाणार हे ठरतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

लग्नातलं वजन

हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि बायकांच्या मनात तोच घट्ट बसलेला असतो. मी तो पहिल्यांदा सोडून दिला आणि तुम्हीही सोडावा असं मला मनापासून वाटतं. तेविसाव्या वर्षीचं शरीर, दोन बाळंतपणं आणि पाळी जाण्याच्या सुमाराचं शरीर, यांत हाडं, स्नायू आणि चरबीची जागा सगळंच बदललेलं असतं. पाळी जाण्याच्या काळात चरबी मांड्या-नितंबांकडून पोटाकडे सरकते, हे आता चांगलं माहीत झालेलं आहे. ५१ गाठण्यासाठी मला शरीराचा जवळजवळ एकतृतीयांश भाग कमी करावा लागला असता. तेवढं नुसत्या आहार-व्यायामाने उतरवून टिकवणं फार थोड्यांना जमतं. जमलं नाही की आपल्यातच काही कमी आहे असं वाटायला लागतं, आणि मग चालणंही सुटतं.

एक अपवाद सांगते. गेल्या वर्ष-दोन वर्षांतच वजन वाढलं असेल, एखाद्या औषधामुळे किंवा नोकरी बदलल्यामुळे, तर आधीचं वजन हे रास्त टार्गेट असू शकतं.

तक्ते आणि सूत्रं

दवाखान्याच्या भिंतीवर उंची-वजनाचा तक्ता आपण लहानपणापासून बघत आलोय. 'आदर्श वजना'चे असे तक्ते गाजवले ते अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने. पॉलिसी घेणाऱ्यांत कोण जास्त जगलं, यावरून ते काढलेले होते. १९५९ चे तक्ते १९८३ मध्ये सुधारले तेव्हा त्यातली वजनं वर गेली. 'आदर्श' हा शब्द किती सैल आहे ते यावरून कळावं.

मला ५० देणारं सूत्र १९७४ चं आहे. पाच फुटांच्या बाईला ४५.५ किलो धरायचे आणि वरच्या प्रत्येक इंचाला २.३ किलो वाढवायचे. पुरुषांसाठी सुरुवात ५० किलोंनी. हे सूत्र मांडलं गेलं ते जेंटामायसिन या औषधाचा डोस ठरवण्याच्या संदर्भात. माणसाने किती वजनावर सुखाने राहावं, याच्याशी त्याचा संबंधच नव्हता. तरी मोबाइलवर 'आयडियल वेट' शोधलंत की बहुतेक ठिकाणी तेच गणित समोर येतं. घोडबंदर रोडच्या एका जिममध्ये मशीनवर उभं करून मला ४८ किलोंची चिठ्ठी दिली होती. ती घेऊन मी बसने घरी आले आणि त्या रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात चक्कर आली. त्या चिठ्ठीवर माझं वय होतं, उंची होती, पण साखरेबद्दल किंवा रक्तदाबाबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नव्हता.

या मशीनबद्दल थोडं अजून. शरीरातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडून ते पाण्याचा अंदाज घेतं आणि त्यावरून चरबीचं प्रमाण काढतं. म्हणजे पाणी किती प्यालात, व्यायाम आधी केलात की नंतर, पाळी कधी आहे, यावर आकडा हलतो. एकाच मशीनवर, सकाळी, महिन्यातून एकदा मोजलंत तर कल कळतो. एका दिवसाच्या आकड्यावरून टार्गेट ठरवू नका.

बीएमआय: उपयोगी, पण अर्धवट

वजन किलोत, भागिले उंचीचा मीटरमधला वर्ग. बेल्जियमचे गणिती केटले यांनी एकोणिसाव्या शतकात हे प्रमाण मांडलं आणि १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीझ यांनी त्याला आजचं नाव दिलं. मोठ्या लोकसंख्येचा अंदाज घ्यायला ते उत्तम आहे. एका माणसासाठी ते सुरुवात करून देतं, शेवटचा शब्द मात्र देत नाही.

आपल्यासाठी महत्त्वाचं हे, की मर्यादा दोन आहेत. जगभर वापरली जाणारी नेहमीची मर्यादा १८.५ ते २४.९. पण भारतीयांना कमी वजनावरच मधुमेह आणि हृदयविकार गाठतात, म्हणून २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांनी एकमताने २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा असं ठरवलं. तुमचं ॲप कुठली मर्यादा वापरतं ते आधी बघा. माझ्या उंचीला दोन्हींत पाच किलोंचा फरक पडतो.

असं का, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

योगायोग असा, की माझ्या दिरांचा बीएमआयही नेमका २२.३ येतो. उंची १७२, वजन ६६, रोज ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोलीला जातात, दिवसभर खुर्चीत. सगळे म्हणतात, तुला काय, तू तर बारीक. कंबर मोजली तर ९३ सेंटिमीटर. त्यांनी वजनाचं टार्गेट ठेवलं असतं तर काहीच करायचं नव्हतं, किंवा उपाशी राहून होते तेही स्नायू गमावले असते. त्यांचं टार्गेट कंबर आहे. वजन आहे तिथे राहिलं तरी चालेल, मात्र आठवड्यातून तीनदा ताकदीचा व्यायाम आणि जेवणात डाळ-उसळ-अंडी वाढवायची.

कंबरेचा टेप

मला विचाराल तर पन्नाशीच्या आसपासच्या भारतीय माणसाने वजनकाट्याआधी हा टेप घ्यावा. शिंप्याकडचा साधा टेप कुठल्याही दुकानात मिळतो. भारतीय मर्यादा पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०. आणि लक्षात ठेवायला त्याहून सोपं म्हणजे, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. डॉक्टरांना उपचारांचे सल्ले देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही २०२२ मध्ये हाच सल्ला दिला. माझं निम्मं ७९, दिरांचं ८६.

फक्त मोजायची जागा चुकवू नका. परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा बसतो ती जागा नव्हे, पुरुषांचा पट्टा तर बऱ्याचदा पोटाखाली सरकलेला असतो. कुशीला हात लावून शेवटची बरगडी शोधा, मग कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, आणि दोन्हींच्या मधोमध टेप ठेवा. मी पहिल्या वेळी पेनने खूण केली होती. टेप आरशात बघून सगळीकडून सरळ आहे ना ते पाहायचं, श्वास नेहमीसारखा सोडायचा आणि तेव्हाच वाचायचं. पोट आत ओढलं की चार सेंटिमीटर सहज जातात आणि फसवणूक आपलीच होते. सकाळी, काही खाण्याआधी, पंधरा दिवसांतून एकदा.

याचा फायदा मला फेब्रुवारीत कळला. सलग पाच आठवडे काटा ७० वरून हलला नाही. त्याच काळात कंबर ८९ वरून ८७ झाली. टेप नसता तर मी तेव्हाच सोडून दिलं असतं.

काट्याचं उलट असतं. रविवारी मिसळ-पाव झाला की सोमवारी किलोभर जास्त दाखवतो. ती चरबी नसते, मिठाने धरून ठेवलेलं पाणी असतं. तसंच पहिल्या आठवड्यात झरझर उतरतं तेही बरंचसं पाणीच, कारण शरीरातल्या साठवणीच्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट वजनाचं पाणी बांधलेलं असतं.

टक्क्यांचं टार्गेट

आता डॉक्टरांनी दिलेला ६९. तेव्हा मला तो फारच मिळमिळीत वाटला होता. आज मी प्रत्येकीला यानेच सुरुवात करायला सांगते. यात तुम्ही कुठे पोहोचायचं हे पुस्तक ठरवत नाही, आज जिथे आहात तिथून मोजायचं असतं. आजच्या वजनाच्या ५ ते १० टक्के. ७४ चे ७ टक्के म्हणजे साधारण पाच किलो.

या ७ टक्क्यांमागे पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांना घेतलं होतं. त्यांतल्या एका गटाला ७ टक्के वजन कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच टार्गेट दिलं. २००२ मध्ये निकाल आला. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. बीएमआय 'नॉर्मल' करा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि चेन्नईला झालेल्या भारतीय प्रयोगात, २००६ मध्ये, वजन फारसं न घटताही आहार आणि चालण्याने ते प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं. काटा हलत नसताना चालायला जायचं बळ मला या दुसऱ्या आकड्याने दिलं.

उणीव एकच, हा पहिला टप्पा आहे. मधुमेह आधीच झालेला असेल आणि तो मागे सारायचा असेल, किंवा गुडघे, घोरणं, यकृतातली चरबी असं काही असेल, तर १० टक्के किंवा १५ टक्केही लागू शकतात. ते डॉक्टरांबरोबरच ठरवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं कमी करण्याआधी डोस विचारून घ्या, साखर एकदम खाली जाणं धोक्याचं असतं.

मग कोणी काय धरावं

बीएमआय २५ च्या वर आणि कंबरही जास्त: पहिलं टार्गेट ७ टक्के, सहा ते नऊ महिन्यांत, आणि सोबत कंबरेचा टेप. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी भरपूर.

बीएमआय ठीक, पोट पुढे: माझ्या दिरांसारखं फक्त कंबर.

सत्तरीच्या पुढे: माझे सासरे ७४ वर्षांचे, उंची १६५, वजन ६८. भारतीय तक्त्यात ते लठ्ठपणाच्या रेषेवर येतात. डॉक्टर म्हणाले, वजनाला हात लावू नका, रोज उपवन तलावाभोवती फिरा आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा. या वयात वजन उतरवायला गेलं की स्नायूही जातात, आणि पडून हाड मोडण्याची भीती वाढते. न ठरवता वजन घटत असेल तर ती आनंदाची गोष्ट नाही, लगेच तपासून घ्या.

ज्यांना पूर्वी न जेवण्याचा, उलट्या काढण्याचा किंवा सारखं काट्यावर उभं राहण्याचा त्रास झालाय, त्यांनी आकडाच ठेवू नये. आधी मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. गरोदर बायकांनाही यातलं काहीच लागू नाही.

आज माझं वजन ६७.२ आहे, कंबर ८५ आणि एचबीएवनसी ५.८. पुढे ६३ ला जायचं का, हे मी अजून ठरवलेलं नाही. सहा महिने ६६ ते ६८ च्या मध्ये राहता येतंय का ते बघते आहे, कारण उतरवण्यापेक्षा राखणं अवघड आहे हे आता अंगावर आलंय.

मावसबहिणीची उंची १५२, वजन ६८, कंबर ९०, वय ३६, आणि पीसीओएसमुळे, म्हणजे अंडाशयांशी निगडित हार्मोनच्या बिघाडामुळे, पाळी अनियमित. त्यातही वजन ५ ते १० टक्क्यांनी उतरलं तर फरक पडू शकतो. परवा तिच्या घरी बसून हिशेब केला: आधी थायरॉइड आणि साखर तपासायची, पहिलं टार्गेट ६३ किलो, कंबर ८५. तिने मोबाइलमध्ये लिहिलेलं ५० खोडलं आणि विचारलं, "ताई, ६३ झालं की मग?" मी म्हटलं, मग पुन्हा टेप घेऊन बसू. पहिलं माप येत्या रविवारी सकाळी, चहाच्या आधी.