स्टोरेज गीझर की गॅस गीझर?

पुण्यात आता बऱ्याच सोसायट्यांत पाइप गॅस आला आहे. त्यामुळे जुना पंधरा लिटरचा गीझर गळायला लागला की हा प्रश्न निघतोच. आमच्याकडे निघाला आणि आम्ही गॅसवर गेलो. घरात पाच माणसं, सगळ्यांची आंघोळ बादलीनं. एकट्यादुकट्याचं गणित वेगळं असेल.

स्टोरेज, म्हणजे टाकीत पाणी तापवणाऱ्या गीझरच्या विजेबद्दल माझी तक्रार नव्हतीच. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला २ किलोवॉटच्या गीझरला वीसेक मिनिटं आणि जेमतेम ०.६ युनिट लागतं. त्रास होता तो दोन आंघोळींच्या मधल्या वेळेचा. गरम पाणी काढाल तसं गार पाणी टाकीत शिरतं, आणि दुसरी बादली भरेपर्यंत नळाला कोमट यायला लागतं. मग रोज सकाळी तेच: "गीझर लावलास का?", "कुणी बंद केला?", "आई, जरा थांब गं, तापतंय अजून." शाळेची व्हॅन यायची म्हणून मुलं आधी, आणि पूजा खोळंबलेली आई शेवटी. नरक चतुर्दशीला तर पहाटे सगळे तेल-उटणं लावून तयार, आणि आई अंगाला तेल लावून पाटावर कुडकुडत बसलेली. सत्तरीच्या माणसाला असं ताटकळत ठेवणं मला सहन होईना. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

गॅस गीझरला ही वाटच बघावी लागत नाही. नळ सोडला की बर्नर पेटतो. डिसेंबरातही बादली चार-पाच मिनिटांत भरते आणि लगेच पुढच्याची लावता येते. ठिणगीसाठी दोन सेल पुरतात, म्हणून वीज गेली तरी आंघोळ अडत नाही. बिलही थोडं उतरलं असावं. मी हिशेब ठेवलेला नाही.

पण त्याला पाण्याचा जोर लागतो. गच्चीच्या टाकीला लागून असलेल्या वरच्या मजल्यावर तो बरेचदा पेटतच नाही. नळाची धार बारीक केली की विझतो, त्यामुळे दाढीला, तोंड धुवायला स्टोरेजच बरा. आणि गॅस गीझर लावतात ड्राय बाल्कनीत, म्हणजे कपडे-भांडी धुवायच्या बाल्कनीत. तिथून बाथरूमपर्यंत पाइप लांब असेल तर आधी थोडं गार पाणी येतं. आम्ही ते वेगळ्या बादलीत धरतो.

बाथरूमच्या आत मात्र तो कधीही लावू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला ना रंग ना वास, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. उघडी ड्राय बाल्कनी नसेल तर विषय तिथेच संपला. २५ लिटरचा स्टोरेज घ्या.

विजेचा ३ किलोवॉटचा इन्स्टंट गीझर स्वयंपाकघरात छान, पण हिवाळ्यात बादलीला आठ-नऊ मिनिटं घेतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्याचे क्षार सगळ्यांनाच बाधतात, सफाई कुणालाच चुकत नाही.

घरात माणसं जास्त, सकाळी एकच घाई, जोर बरा आणि बाल्कनी उघडी असेल, तर मी गॅसकडेच झुकेन. दुकानात मात्र पीएनजीवर, म्हणजे पाइप गॅसवर चालणाराच मागा. सिलिंडरवाल्याचा जेट, म्हणजे गॅस सोडणारं छिद्र, वेगळा असतो. तो पाइप गॅसवर नीट चालत नाही.