लॉरा आरएसची मागची बाजू: नवे शॉकअप, जाड बार की गाडी थेट खाली?

स्कोडाची जुनी लॉरा आरएस घेतली की पहिला महिना इंजिनाच्या कौतुकात जातो, मग मागून आवाज ऐकू यायला लागतात. गतिरोधकावरून उतरताना ‘खट्’, मागे तिघं बसली की डिकी जमिनीकडे, आणि एक्सप्रेसवेवर पुलाच्या जोडावरून गेलं की मागची बाजू एकदा उसळून थांबत नाही, दोन-तीनदा डुलते. मग ‘एकदाचं काहीतरी भारी बसवून टाकू’ असं मनात येतं. बसवावं की. पण रोज ऑफिसला न्यायच्या गाडीचं उत्तर वेगळं आणि सुट्टीच्या दिवशी ताम्हिणीत पळवायच्या गाडीचं वेगळं. गॅरेजवाला बहुतेक वेळा त्याच्या कपाटात जे पडलंय तेच उत्तर देतो.

आधी गाडी कोणती ते बघू. भारतात लॉरा आरएस 2011 मध्ये आली ती 1.8 टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, 160 पीएस, 250 न्यूटन-मीटर आणि सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स घेऊन. युरोपातल्या आरएसचं 2 लिटरचं 200 पीएस इंजिन आपल्याकडे आलंच नाही. 2013 मध्ये नवी ऑक्टेव्हिया आली आणि लॉरा थांबली. म्हणजे यातली सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या पुढची आहे, आणि रबर किलोमीटर मोजत बसत नाही. ऊन, पाणी आणि वर्षं यांनीच ते कडक होतं, चिरतं.

मागची मांडणी 2003 च्या पाचव्या पिढीच्या गोल्फचीच. प्रत्येक चाकाला पुढून मागे जाणारा एक पट्टीसारखा ट्रेलिंग आर्म आणि तीन आडव्या लिंक. ब्रेकचा आणि खड्ड्याचा पुढून-मागून येणारा मार ट्रेलिंग आर्म घेतो, वळणातला जोर आडव्या लिंक घेतात. स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळ्या जागी आहेत: स्प्रिंग खालच्या रुंद आर्ममध्ये बसते, शॉकअप तिच्या मागे एकटा उभा. हे लक्षात ठेवा, कारण खर्चाचा निम्मा हिशोब इथेच ठरतो. मागचा शॉकअप बदलायला स्प्रिंग दाबून काढावी लागत नाही. वर दोन बोल्ट, खाली एक. चांगल्या हाताला हे काम जड नाही.

जसं होतं तसं करणं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी लेखलेला पर्याय म्हणजे कंपनीच्या दर्जाचे नवे शॉकअप, नवे बम्प स्टॉप, वरची माउंट, अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीचा कल आवरणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक आणि आर्मचे बुश, म्हणजे सांध्यांतले रबराचे तुकडे. ज्यांनी ही गाडी नवी असताना कधी चालवलेली नाही, त्यांना आपली गाडी मुळात कशी होती याचा पत्ताच नसतो. थकलेल्या शॉकअपवरच्या गाडीला ‘मऊ’ म्हणून ते थेट कॉइलओव्हरच्या, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअप संचाच्या दुकानात जातात.

शॉकअप गेलाय का हे बघायला डिकीवर हात दाबून गाडी हलवायची पद्धत आहे. तिच्यावर विसंबू नका. अर्धा मेलेला शॉकअपही त्या परीक्षेत पास होतो. त्याऐवजी गाडी वर घेऊन शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओला डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते का ते बघा. मग मागच्या टायरच्या आतल्या कडेवर तळहात फिरवा. रबर एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट बिघडलंय. थोड्या थोड्या अंतरावर खोलगट वाट्या लागल्या तर चाक रस्त्यावर नाचतंय, म्हणजे शॉकअपचं काम संपलंय.

तेल भरून ‘रिकंडिशन’ केलेले शॉकअप मात्र या गाडीला लावू नका. आतल्या व्हॉल्व्हचं गणित तसंच्या तसं परत येईल याची खात्री कोणी देत नाही, आणि डावा-उजवा वेगळा वागला तर पावसात ब्रेक मारताना ते कळतं.

उंची तीच, शॉकअप दमदार

माझं मत या पर्यायाला आहे, म्हणून थोडं जास्त लिहितो. इथे नावं मुख्यतः दोन, बिलस्टीन आणि कोनी.

बिलस्टीनचा बी6 मूळ स्प्रिंग आणि मूळ उंचीसाठी असतो. बी8 चा दांडा आखूड, तो खाली घेतलेल्या गाडीसाठी. दुकानात दोन्ही एकाच पिवळ्या रंगात येतात, म्हणून खोक्यावरचा क्रमांक वाचूनच घ्या. दोन्ही मोनोट्यूब आहेत: एकाच नळीत तेल आणि दाबाखालचा गॅस, मधे सरकता पिस्टन. साध्या ट्विन-ट्यूबमध्ये सलग खड्ड्यांवर तेल तापतं आणि त्यात हवेचे बुडबुडे मिसळतात, मग शॉकअप थोडा वेळ हातच सोडतो. मोनोट्यूबमध्ये हे फार कमी होतं, कारण तेल दाबाखाली असतं आणि बाहेरची नळी थेट हवेत थंड होते. खंडाळ्याचा घाट उतरून आल्यावरही गाडी पहिल्या वळणासारखीच वागते ती यामुळे. तोटे दोन. गॅसच्या दाबामुळे अगदी छोट्या खरखरीवर गाडी जरा ताठ वाटते, आणि पिस्टन थेट बाहेरच्या नळीत फिरत असल्याने दगडाने नळीला मोठा पोचा पडला तर तो शॉकअप बाद. खडीच्या रस्त्याने रोज गावाकडे जाणाऱ्याने हा दुसरा मुद्दा मनावर घ्यावा.

कोनीचं जे तंत्र आधी एफएसडी नावाने यायचं आणि आता स्पेशल ॲक्टिव्ह म्हणून येतं, ते वेगळ्या डोक्याने बनवलंय. चाकाची भराभर होणारी थरथर आत एका वाटेने सैल सोडली जाते. बॉडीची सावकाश होणारी डोल आली की ती वाट बंद होते आणि शॉकअप घट्ट होतो. पेव्हर ब्लॉकचे चौक, काँक्रीटचे सांधे, ड्रेनेजची झाकणं असं सगळं ज्याच्या रोजच्या वाटेवर आहे त्याला बी6 पेक्षा हे जास्त मानवतं. घाटात टोकाला जाऊन चालवणाऱ्याला बी6 जास्त खरा वाटेल. दोन्हीत वाईट निवड नाही. फक्त मागे हे आणि पुढे दहा वर्षांपूर्वीचे, असं करू नका: मागचं चाक रस्ता धरून ठेवतं आणि पुढचं नाक डुलत राहतं. पैसे एकदम नसतील तर थांबा आणि चारही एकत्र घ्या.

जाड अँटी-रोल बार

पुढच्या चाकांवर चालणारी गाडी घाटातल्या वळणात नाकाने बाहेर सरकते, हे लॉरावाल्याला सांगायला नको. मागचा बार जाड केला की वळणातला कल आवरण्याचा जास्त भार मागची जोडी घेते, पुढच्या आतल्या चाकावर वजन टिकतं, आणि वळणातून बाहेर पडताना ते चाक फुकट फिरत नाही. पैशाच्या मानाने सर्वाधिक फरक जाणवणारा बदल हाच.

भरीव बारची ताकद व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते. 20 मिमीचा बार काढून 22 मिमीचा लावला तर वाढ दिसायला दहा टक्के, पण ताठपणा जवळपास दीडपट होतो. म्हणून ‘जरा अजून जाड’ मागताना सावध राहा. दोन जागी बसवता येईल असा बार मिळाला तर आधी मऊ छिद्रात लावा आणि एक पावसाळा तसाच चालवा. ओल्या रस्त्यावर वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की गाडीची मागची बाजू आता आधी सुटणार आहे. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, सावरून घेतं, पण ते गृहीत धरून गाडी हाकणं वेगळं. घरात दुसरं कोणी ही गाडी चालवत असेल तर त्यालाही हे सांगून ठेवा.

आणखी एक गोष्ट विकणारा सांगत नाही. बार डाव्या-उजव्या चाकांना जोडतो. फक्त डावं चाक खड्ड्यात गेलं की उजव्यालाही धक्का बसतो, आणि मागे बसलेल्यांची डोकी आडवी हलतात. गुळगुळीत रस्त्यावर हा त्रास शून्य. पावसाळ्यानंतरच्या मुंबई-गोवा महामार्गावर तो आई-बाबांच्या तोंडून ऐकू येईल. शिवाय बार काढायला मागची सबफ्रेम (मागचे आर्म जिला जोडलेत ती चौकट) खाली घ्यावी लागते, त्यामुळे मजुरी शॉकअपपेक्षा जास्त.

गाडी खाली घेणं

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल माथ्याचा गतिरोधक 10 सेंमी उंच आणि 3.7 मीटर रुंद सांगितलाय. आपल्या सोसायटीच्या दारातला टेप लावून मोजा, म्हणजे खाली घेतलेल्या गाडीवर मी का नाक मुरडतो ते कळेल.

पण पोट घासण्यापेक्षा मोठी अडचण आत आहे. समजा मागच्या प्रत्येक चाकाच्या जागी स्प्रिंगचा ताठपणा 25 न्यूटन प्रति मिमी आहे. मागे तिघं आणि डिकीत बॅगा मिळून मागच्या धुऱ्यावर 200 किलो वाढले, तर प्रत्येक चाकावर शंभर किलो, म्हणजे गाडी साधारण 4 सेंमी बसणार. आता लोअरिंग स्प्रिंगने गाडी आधीच 3 सेंमी खाली आणली असेल तर खड्ड्यासाठी उरलं काय? बम्प स्टॉप. तो फोमचा तुकडा शेवटच्या क्षणी मदतीला यावा म्हणून असतो. तुम्ही त्याच्यावरच गाडी चालवत राहता आणि म्हणता, शॉकअप फार कडक आहेत हो. बरी लोअरिंग स्प्रिंग थोडी ताठ करून हे काही प्रमाणात भरून काढते, पण गेलेली जागा काही परत येत नाही.

ज्याला तरीही खाली हवीच आहे त्याने मूळ शॉकअपवर नुसत्या स्प्रिंग बदलू नयेत. आयबाखच्या स्प्रिंग आणि बी8 एकत्र असलेला बी12 संच घ्यावा, किंवा केडब्ल्यूसारखा कॉइलओव्हर. केडब्ल्यूच्या पहिल्या प्रकारात फक्त उंची बदलते, दुसऱ्यात रिबाउंडही (शॉकअप उलगडतानाचा जोर), तिसऱ्यात कॉम्प्रेशनसुद्धा (तो दबतानाचा). रोजच्या गाडीला तिसरा प्रकार घेऊन बहुतेक लोक एकदाच बटणं फिरवतात आणि विसरून जातात. कॉइलओव्हर म्हटलं तरी लॉराच्या मागे स्प्रिंग वेगळीच राहते, तिच्या टोकाला उंचीसाठी आट्यांची चकती येते. कोकणात किंवा किनाऱ्याजवळ राहत असाल तर त्या आट्या खाऱ्या हवेत जाम होतात. दर पावसाळ्याआधी साफ करून ग्रीस लावायची तयारी हवी.

खाली घेतलेल्या गाडीत मागची चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतून खातात. या गाडीत कॅम्बर (चाकाचा हा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती) दोन्ही एक्सेंट्रिक, म्हणजे मध्य सरकवलेल्या बोल्टने थोडे बदलता येतात, त्यापुढे गेलं तर वेगळे आर्म घ्यावे लागतात. झेनॉन दिवे असतील तर उंचीचा सेन्सरही नव्याने शिकवावा लागतो, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतात. आणि कागदोपत्री: मोटार वाहन कायद्याचं कलम 52 फेरफारांबद्दल कडक आहे, 2019 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आणखीच. मूळ उंचीच्या शॉकअपवर कोणी बोट ठेवत नाही. जमिनीला टेकलेल्या गाडीवर ठेवतं. विमा कंपनीला कळवल्याशिवाय तर मुळीच नको.

पॉलियुरेथेन बुशबद्दल थोडक्यात. बारच्या बुशना जरूर लावा. ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या मोठ्या बुशला रबरच राहू द्या. खड्ड्याची कड लागली की चाकाने किंचित मागे सरकावं म्हणूनच ते मऊ ठेवलंय. ते कडक केलं की तोच ठोका थेट बॉडीत येतो.

आता निवड. घरची एकच गाडी, मागे माणसं बसतात, शहर आणि हायवे: मूळ स्प्रिंग, कोनी, सगळे नवे रबर बुश. एकटे किंवा दोघंच फिरता आणि घाट आवडतो: बी6, आणि सहा महिन्यांनी वाटलं तर मागचा बार. ट्रॅकवर जाता आणि रोजच्यासाठी दुसरी गाडी आहे: मग कॉइलओव्हर घ्या, मी अडवत नाही. बजेट तुटपुंजं आहे: कंपनीच्या दर्जाचे शॉकअप आणि बुश, आणि उरलेले पैसे चांगल्या टायरला.

काहीही निवडा, काम चालू असताना समोर उभं राहून एक गोष्ट बघा. गाडी चाकांवर उभी असताना चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. आर्मचे बोल्ट शेवटचे आवळताना हबखाली जॅक लावून चाक त्याच अंतरावर उचललेलं हवं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळले की रबर कायमचं पीळ खाऊन बसतं आणि नवे बुश वर्षभरात फाटतात. काढलेले ताणाचे बोल्ट (आवळताना कायमचे ताणले जाणारे) परत वापरू देऊ नका, नवे आणून ठेवा. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट करून छापील कागद मागून घ्या. ‘मागे काही करायचं नसतं’ असं म्हणणाऱ्या दुकानातून गाडी बाहेर काढा.

आणि तुमच्याकडे लॉराऐवजी 2004 ची पहिली 1.8 टर्बो ऑक्टेव्हिया आरएस असेल, तर वरचं बरंचसं गणित बदलतं. तिच्या मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी एकच पिळणारी तुळई आहे; कॅम्बर-टो बोल्टने हलत नाहीत आणि बीम स्वतःच बारचं अर्धं काम करतो. तिथे आधी बीमचे पुढचे दोन बुश बघा.